‘काही नाही, घरीच असते’ असं डॉक्टरला सांगू नका

जेवणं उरकली असतील, भांडी आवरून तुम्ही रेडिओ लावला असेल. मागच्या वेळी आपण गटाच्या अंतर्गत कर्जाबद्दल बोललो. आज दवाखान्याबद्दल बोलायचं आहे. मोठ्या सरकारी रुग्णालयात आपल्याला पहिल्यांदा भेटतो तो तरुण डॉक्टर कोण असतो, तो काय शिकत असतो आणि त्याच्या शिकण्यात आपला वाटा किती असतो, हे मला सांगायचं आहे. त्यातही एका वेगळ्या रुग्णालयाबद्दल सांगणार आहे. लकवा झालेल्या, पाय गमावलेल्या, मणक्याला मार लागलेल्या माणसाला तिथं पुन्हा उठायला, चालायला, कामाला लागायला शिकवतात. त्याला पुनर्वसन रुग्णालय म्हणतात. धरणात गाव गेलं की होतं तेही पुनर्वसनच. इथं शरीराचं आणि जगण्याचं पुनर्वसन असतं.

मला हे सगळं माझ्या मोठ्या जाऊबाईंमुळे कळलं. आम्ही त्यांना अक्का म्हणतो. माझं माहेर अमळनेरकडचं, सासर शिंदखेडा तालुक्यातलं. मी गटांची सहयोगिनी. गावोगाव बैठका घेते, बँकेत जाते, फॉर्म भरून देते. त्यामुळे घरात सगळ्यांना वाटायचं की हिला दवाखान्यातलंही सगळं कळतं. खरं सांगते, तेव्हा मला काही कळत नव्हतं.

दोन वर्षांपूर्वी कापूस वेचणीच्या दिवसांत अक्कांना लकवा झाला. वय अठ्ठेचाळीस. सकाळी चुलीपुढे बसल्या होत्या, हातातली भाकरी परातीत पडली आणि त्या एका अंगाला कलंडल्या. उजवा हात, उजवा पाय गेला. दवाखान्यात नेलं, जीव वाचला. अकराव्या दिवशी आम्हाला सांगितलं, आता घरी न्या, तेलानं मालिश करा, देवाचं नाव घ्या. आम्ही घरी आणलं. पुढं काय करायचं ते कोणी सांगितलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही.

दोन महिने अक्का खाटेवर पडून होत्या. उठवताना आम्ही त्यांचा लुळा हात धरून ओढायचो. त्यानं खांदा सांध्यातून खाली उतरला आणि रात्री तो असा दुखायचा की त्या रडायच्या. माकडहाडापाशी कातडी लाल झाली, मग काळी पडली, मग जखम झाली. गटातून पंधरा हजारांचं कर्ज काढून आम्ही मालिशवाल्याकडे आणि झाडपाल्याच्या औषधाला पैसे घातले. शेवटी एका ओळखीच्या नर्सताईंनी सांगितलं की मुंबईला पुनर्वसनाचं रुग्णालय असतं, तिकडे जा. धुळ्याहून रात्रीच्या गाडीनं आम्ही निघालो. मोठे दीर, मी आणि अक्का.

तिथं आम्हाला तपासायला आली ती सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांची मुलगी. दूरच्या राज्यातली. मराठी मोडकंतोडकं. दिरांनी मला कोपऱ्यात नेऊन हळूच विचारलं, “ही शिकाऊ दिसते. आपल्यावर शिकते का काय?”

हा प्रश्न तुमच्याही मनात कधी ना कधी आला असेल. म्हणून आधी त्याचंच उत्तर देते.

निवासी डॉक्टर म्हणजे कोण?

‘मार्डचा संप’ अशी बातमी तुम्ही ऐकली असेल. मार्ड ही महाराष्ट्रातल्या निवासी डॉक्टरांची संघटना. निवासी डॉक्टर म्हणजे एमबीबीएस होऊन पुढे एखाद्या विषयातला तज्ज्ञ होण्यासाठी रुग्णालयात राहून शिकणारा डॉक्टर. इंग्रजीतला त्याचा शब्द रेसिडेंट. अमेरिकेत बाल्टिमोर शहरात 1889 साली जॉन्स हॉपकिन्स नावाचं रुग्णालय सुरू झालं. तिथल्या डॉ. विल्यम ऑस्लर यांनी ही पद्धत बसवली. तरुण डॉक्टर रुग्णालयातच राहायचे, रात्रंदिवस रुग्णांजवळ असायचे, म्हणून ते रेसिडेंट. आज सगळेच काही रुग्णालयाच्या आवारात राहत नाहीत, पण नाव तेच राहिलं.

आता हिशेब बघा. बारावी झाल्यावर एमबीबीएस साडेपाच वर्षांचं. त्यातलं शेवटचं एक वर्ष प्रत्यक्ष रुग्णालयात कामाचं. त्यानंतर देशभर होणारी नीट-पीजी नावाची परीक्षा. ती पास होऊन जागा मिळाली की एमडीची तीन वर्षं. म्हणजे आपल्यापुढे उभा असतो तो परवाना असलेला पूर्ण डॉक्टर. तो आणखी एका विषयाचं खोल शिक्षण घेत असतो.

पहिल्या, दुसऱ्या, तिसऱ्या वर्षाच्या एमडीच्या डॉक्टरांना ज्युनियर रेसिडेंट म्हणतात. त्यांच्यावर सीनियर रेसिडेंट असतो, त्याचं एमडी झालेलं असतं. त्यांच्यावर सहायक प्राध्यापक, सहयोगी प्राध्यापक आणि सगळ्यांवर विभागप्रमुख. ज्युनियर डॉक्टर रुग्णाला तपासतो, कागदावर लिहितो आणि ते वरच्यांपुढे मांडतो. वरचे डॉक्टर पुन्हा तपासतात, चुकलं असेल तर दुरुस्त करतात. आपल्याकडे नवी सून पहिल्या दिवशी पुरणाचा घाट घालते तेव्हा सासू मागे उभी असतेच ना, तसंच.

म्हणून दिरांना मी नंतर सांगितलं, “भाऊ, शिकते आहे हे खरं. पण एकटी नाही शिकत.” आणि तुम्हाला सांगते, तुम्ही विचारू शकता. ‘डॉक्टर, तुमचं नाव काय? तुम्ही कितव्या वर्षाला? तुमचे मोठे डॉक्टर कोण, ते केव्हा येतील?’ यात उद्धटपणा काही नाही. नाव एका कागदावर लिहून ठेवा, पुढच्या खेपेला उपयोगी पडतं.

या रुग्णालयात ते काय शिकतात?

हाडाचा डॉक्टर, डोळ्याचा डॉक्टर आपल्याला माहीत असतो. पुनर्वसनाचाही वेगळा डॉक्टर असतो, हे बहुतेकांना माहीत नसतं. त्याच्या एमडीच्या विषयाचं नाव फिजिकल मेडिसिन अँड रिहॅबिलिटेशन, थोडक्यात पीएमआर. फिजिओथेरपिस्ट वेगळा आणि हा डॉक्टर वेगळा. फिजिओथेरपिस्ट व्यायाम आणि हालचालींचा तज्ज्ञ. पीएमआरचा डॉक्टर निदान करतो, औषध देतो, आखडलेल्या स्नायूत इंजेक्शन देतो, कृत्रिम पाय किंवा पट्टा कसा हवा ते लिहून देतो आणि सगळ्या चमूला एकत्र धरून ठेवतो.

या चमूत बरीच माणसं असतात. फिजिओथेरपिस्ट असतो. ऑक्युपेशनल थेरपिस्ट असतो, तो रोजची कामं पुन्हा करायला शिकवतो. बोलणं गेलं असेल तर वाचा-उपचार करणारे असतात. कृत्रिम हातपाय आणि पट्टे बनवणारे असतात. नर्सताई, मानसोपचाराचं काम बघणारे आणि समाजसेवा विभागातले कार्यकर्ते असतात. निवासी डॉक्टरला या सगळ्यांबरोबर बसून बोलायला शिकावं लागतं. एकाच रुग्णाबद्दल प्रत्येकजण आपलं सांगतो आणि मग पुढच्या पंधरा दिवसांत काय साधायचं ते ठरतं. आपल्या गटाच्या बैठकीसारखंच. एकीनं बोलायचं आणि बाकीच्यांनी माना हलवायच्या, असं तिथं चालत नाही.

तीन वर्षांत या डॉक्टरांना लकवा, मणक्याची इजा, डोक्याला मार, तोडलेले हातपाय, जन्मापासून हातापायांत ताठरपणा असलेली मुलं, संधिवात असे सगळे रुग्ण बघावे लागतात. हाडांच्या आणि मेंदूच्या विभागातही काही काळ काम करावं लागतं. सकाळी वॉर्डातली फेरी, मग बाह्यरुग्ण विभाग, दुपारी वर्ग आणि ठरलेल्या दिवशी रात्रपाळी. मणक्याच्या रुग्णाचं रात्री अचानक डोकं ठणकायला लागलं, घाम फुटला, तर नुसती डोकेदुखीची गोळी देऊन चालत नाही. लघवीची पिशवी तुंबली आहे का ते आधी बघावं लागतं, कारण रक्तदाब धोक्याइतका चढलेला असू शकतो. अशा गोष्टी पुस्तकात असतात, पण रात्री दोन वाजता वॉर्डात उभं राहूनच त्या अंगी मुरतात. शेवटी चार लेखी पेपर असतात आणि खऱ्या रुग्णाला तपासून दाखवायची परीक्षा असते.

आपल्या राज्यात याची जुनी जागा म्हणजे मुंबईत हाजीअलीला असलेली अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था. केंद्र सरकारच्या आरोग्य मंत्रालयाची ही संस्था 1955 साली सुरू झाली. जवळचं लोकल स्टेशन महालक्ष्मी. इथं उपचारही होतात, पीएमआरचे एमडी डॉक्टरही घडतात आणि कृत्रिम हातपाय बनवणाऱ्यांचा अभ्यासक्रमही चालतो. एमडीची पदवी नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाची. संस्था सुरू झाली तेव्हा देशात पोलिओ होता. पाय बारीक झालेली मुलं गावोगाव दिसायची. आज पोलिओ गेला, 2014 साली भारत पोलिओमुक्त जाहीर झाला. आता रुग्ण येतात ते लकव्याचे, मोटारसायकलच्या अपघातांचे, साखरेच्या आजारानं पाय कापावा लागलेले. रुग्ण बदलले तसं डॉक्टरांचं शिकणंही बदललं.

डॉक्टर मेरी व्हर्गीज

या विषयात भारतात सगळ्यांत आधी ज्यांचं नाव घ्यावं अशी एक बाई आहे, म्हणून तिची गोष्ट सांगते. डॉ. मेरी व्हर्गीज. केरळच्या. तामिळनाडूत वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात त्या शिकल्या आणि तिथंच तरुण डॉक्टर म्हणून काम करत होत्या. 1954 साली मोटारीच्या अपघातात त्यांच्या मणक्याला इजा झाली. दोन्ही पाय कायमचे गेले. डॉक्टर होत्या त्या रुग्ण झाल्या.

त्या वेळी वेल्लोरला डॉ. पॉल ब्रँड कुष्ठरोग्यांच्या वाकड्या बोटांवर शस्त्रक्रिया करत. मेरीबाईंनी चाकाच्या खुर्चीत बसून त्या शस्त्रक्रिया शिकून घेतल्या आणि केल्या. हात शाबूत होते, हातांचं काम बसून करता येत होतं. पुढे त्या ऑस्ट्रेलियाला गेल्या, स्वतः पुनर्वसन घेतलं. मग अमेरिकेत न्यूयॉर्कला डॉ. हॉवर्ड रस्क यांच्या संस्थेत पुनर्वसनशास्त्राचं शिक्षण घेतलं. दुसऱ्या महायुद्धातल्या जखमी सैनिकांना नुसतं बरं करून भागत नाही, त्यांना पुन्हा जगायला शिकवावं लागतं, हे मनावर घेऊन काम केलेले हे डॉक्टर. मेरीबाई परत आल्या आणि 1963 साली वेल्लोरच्या या विभागाच्या प्रमुख झाल्या. 1966 साली तिथं पुनर्वसनाची वेगळी संस्था उभी राहिली. 1972 साली त्यांना पद्मश्री मिळाली.

मेरीबाई रुग्णाला ‘तुला जमेल’ म्हणायच्या तेव्हा त्या खुर्चीत बसलेल्या असायच्या. रुग्णाच्या जागी बसल्यावर काय दिसतं हे त्यांना कोणी शिकवायची गरज नव्हती. बाकीच्या डॉक्टरांना मात्र ते शिकावं लागतं. ते कोण शिकवतं, ते आता सांगते.

दहा प्रश्नांचा कागद

परत अक्कांकडे येऊ. त्या डॉक्टर मुलीनं आधी हात, पाय, खांदा, जखम सगळं नीट तपासलं. मग एक कागद काढला. त्यावर दहा गोष्टी होत्या. स्वतःच्या हातानं जेवणं, आंघोळ, तोंड धुणं आणि केस विंचरणं, कपडे घालणं, शौचावर ताबा, लघवीवर ताबा, संडासला जाऊन येणं, खाटेवरून खुर्चीत बसणं, चालणं आणि जिना चढणं. प्रत्येकाला गुण. सगळं स्वतः येत असेल तर शंभर. याला बार्थेल निर्देशांक म्हणतात. अमेरिकेतल्या फ्लॉरेन्स माहोनी या डॉक्टर आणि डोरोथिया बार्थेल या फिजिओथेरपिस्ट, या दोघी बायांनी 1965 साली तो प्रसिद्ध केला. आज जगभर वापरतात. अक्कांना त्या दिवशी पस्तीस गुण मिळाले.

मग डॉक्टरनं विचारलं, “घरी काय काम करायच्या?”

अक्का म्हणाल्या, “काही नही मॅडम. घरमाच ऱ्हास मी.”

डॉक्टरनं कागदावर एक शब्द लिहिला, गृहिणी. आणि पुढच्या प्रश्नाकडे वळली.

मैत्रिणींनो, मी शेजारी उभी होते आणि मीही गप्प बसले. नऊ वर्षं मी बैठकांत सांगते की बाईच्या कामाला किंमत आहे. तिथं माझ्या तोंडून शब्द फुटला नाही.

दुसऱ्या दिवशी मोठ्या डॉक्टरांची फेरी आली. या मुलीनं अक्कांची माहिती इंग्रजीत भराभर सांगितली. मोठ्या डॉक्टरांनी ऐकून घेतलं आणि मला कळेल अशा हिंदीत तिला एकच प्रश्न विचारला. यांची चूल किती उंचीवर आहे? मुलगी गप्प झाली. ते म्हणाले, मग तुला ही बाई अजून माहीत नाही. जाऊन विचार.

दुपारी ती आली आणि अक्कांच्या खाटेजवळ खाली फरशीवर बसली. म्हणाली, “अक्का, सकाळी उठल्यापासून सांगा.” अक्का कधी नाही त्या बोलायला लागल्या. बोलणं जड येत होतं, अडलं की मी मराठीत नाहीतर हिंदीत सांगायचे. चारला उठणं. अंगण झाडणं. नळ एक दिवसाआड येतो, तेव्हा वीस हंडे भरणं. चूल जमिनीवरची, पाटावर बसून आठ माणसांच्या कळण्याच्या भाकरी थापायच्या. दोन शेळ्यांचं दूध, चारा. मग शेतात, हंगामात कमरेला ओटी बांधून दिवसभर कापूस वेचणं. संध्याकाळी पुन्हा चूल. संडास घरापासून पंधरा पावलांवर, दाराला उंच उंबरा, आत बसायचं उकिडवं. नळाजवळ शेवाळ. डॉक्टर लिहीत होती. तिनं ‘ओटी’ म्हणजे काय विचारलं, ‘कळणा’ म्हणजे काय विचारलं. मी तिला सांगितलं, ज्वारीत उडीद घालून दळतात. एक पान भरलं, दुसरं भरलं.

मग ती म्हणाली, “त्या दहा प्रश्नांत यातलं एकही काम नाही.”

खरंच होतं. त्या कागदात जेवणं आहे, जेवण रांधणं नाही. जिना चढणं आहे, जमिनीवरून उठणं नाही. तो कागद वाईट नाही, पण खुर्चीत बसून जेवणाऱ्या घरांत तो तयार झाला. आपल्या घरातलं त्यात कोण भरणार? आपणच. आपण ‘काही नाही’ म्हटलं की डॉक्टरच्या कागदावरही काही नाही असंच राहतं. आणि जे कागदावर नाही त्याचा सरावही कोणी करून घेत नाही.

त्या दिवशी ठरलेली उद्दिष्टं बदलली. आधी लिहिलं होतं, काठी घेऊन चालणं. आता त्यात जमिनीवर बसणं आणि उठणं आलं, उंबरा ओलांडणं आलं, डाव्या हातानं पीठ मळणं आलं. परात सरकू नये म्हणून खाली ओलं फडकं घालायचं. ऑक्युपेशनल थेरपिस्ट ताईंनी भाकरीचं पीठ मागवलं आणि अक्कांनी सहाव्या दिवशी वॉर्डात डाव्या हातानं पहिली भाकरी थापली. वाकडीतिकडी, नकाशासारखी. ती मुलगी बघत उभी होती.

घरी आल्यावर

आता जे आहे ते खरं सांगते. अक्कांचा उजवा हात परत आला नाही. आम्ही पहिले दोन महिने वाया घालवले. लकव्यानंतर सुधारणेचा जोर साधारण पहिल्या तीन ते सहा महिन्यांत जास्त असतो. नंतरही सुधारणा होते, पण हळू. म्हणून पुनर्वसन हे सगळं संपल्यावर करायची गोष्ट समजू नका. रुग्णाची तब्येत स्थिर झाली की पहिल्याच दवाखान्यात, खाटेवर असतानाच विचारा, ‘व्यायाम आणि पुनर्वसन केव्हा सुरू करायचं? कोणाकडे जायचं?’ सुट्टीच्या कागदावर ते लिहून मागा.

अक्का आज काठी घेऊन अंगणभर चालतात. भाकरी करतात, आठ नाही, तीन-चार. चुलीखाली आम्ही विटांचा ओटा बांधला. संडासच्या दाराचा उंबरा फोडला, आत भिंतीला लोखंडी नळीचा दांडा बसवला आणि उकिडव्या भांड्यावर ठेवायची खुर्ची आणली. परवा त्या कागदावर गुण मोजले, ऐंशी झाले. आंघोळीला अजून मदत लागते. शेतात जात नाहीत, त्याचं त्यांना वाईट वाटतं. पण गटाच्या बैठकीला येतात आणि डाव्या हातानं सही करतात.

तिथं शिकवलेल्या दोन गोष्टी तुम्हीही लक्षात ठेवा. पहिली, लकव्याच्या माणसाला लुळ्या हाताला धरून कधी ओढू नका. काखेत हात घालूनही उचलू नका. कमरेभोवती किंवा पाठीच्या फऱ्यामागे आधार द्या. दुसरी, खाटेवरच्या माणसाला दर दोन तासांनी कुशीवर वळवा. कंबर, माकडहाड, टाचा, घोटे रोज उजेडात बघा. कातडी लाल झाली आणि दाब काढल्यावरही लाली जात नसेल, तर ती जखमेची सुरुवात आहे. तिथं चोळू नका, त्या जागेवरचा भार काढा आणि दवाखान्यात दाखवा. अक्का मुंबईहून आल्या तेव्हा आमच्या गटानं इतिवृत्ताच्या वहीत वळवण्याच्या पाळ्या लिहिल्या होत्या. दुपारच्या दोन पाळ्या शेजारणींच्या. जखम भरली.

सही करण्याआधी

आणखी एक सांगायचं आहे. एमडीच्या डॉक्टरला एक प्रबंध लिहावा लागतो. म्हणजे एखादा प्रश्न घेऊन रुग्णांची माहिती गोळा करायची आणि त्यातून काय निघतं ते मांडायचं. त्यासाठी ते आपल्याला विचारू शकतात, तुमची माहिती माझ्या अभ्यासात घेऊ का? अशा अभ्यासाला रुग्णालयाच्या नैतिक समितीची परवानगी लागते आणि आपली लेखी संमती लागते. तो कागद आपल्याला कळेल अशा भाषेत असायला हवा. वाचता येत नसेल तर वाचून दाखवायला सांगा. ‘नाही’ म्हणालात तरी उपचार थांबत नाहीत, मधेच माघारही घेता येते. पण समजून ‘हो’ म्हणता आलं तर जरूर म्हणा. आपल्यासारख्या घरांतल्या बायांची माहिती अभ्यासात आलीच नाही, तर पुढचा कागदही खुर्चीवर जेवणाऱ्यांसाठीच तयार होईल.

दरवेळी मुंबईलाच जावं लागतं असंही नाही. नियमांनुसार एमडी-एमएसच्या निवासी डॉक्टरांना तीन महिने जिल्हा रुग्णालयाच्या व्यवस्थेत काम करावं लागतं. म्हणजे शहरात शिकणारे डॉक्टर आता जिल्ह्याच्या ठिकाणीही भेटतात. आपल्याकडे धुळ्याला श्री भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, जळगावलाही शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. तिथं आधी फिजिओथेरपी विभागाची चौकशी करा. अपंगत्वाचा दाखलाही जिल्ह्यातच मिळतो. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात एकवीस प्रकारची अपंगत्वं आहेत. स्वावलंबन पोर्टलवर अर्ज करायचा, मग ठरलेल्या रुग्णालयात तपासणी होते. बहुतेक योजनांसाठी अपंगत्व किमान 40 टक्के असावं लागतं. एसटीची सवलत त्यातच येते. दाखला देताना डॉक्टर टक्के मोजतो, तेव्हाही काय जमत नाही ते स्पष्ट सांगा. लाजून ‘जमतं हो’ म्हणू नका आणि वाढवूनही सांगू नका.

या बैठकीचं काम

मैत्रिणींनो, या महिन्याच्या बैठकीत वसुली झाली की दहा मिनिटं काढा. गटातली कोणी आजारी असेल, किंवा कोणाच्या घरी लकव्याचं, अपघाताचं माणूस असेल, तर त्या माणसाच्या कामांची यादी करा. सकाळी उठल्यापासून रात्री झोपेपर्यंत. चूल किती उंच, पाणी किती लांब, संडास कसा, दाराला उंबरा किती, घरात मदतीला कोण. एका पानावर येतं. लिहिता येणारीनं लिहावं, बाकीच्यांनी सांगावं. दवाखान्यात जाताना आधारकार्ड, जुने कागद आणि हे पान एकाच पिशवीत ठेवा. समोर तरुण डॉक्टर आला आणि ‘घरी काय करता?’ असं विचारलं, की पान त्याच्या हातात द्या.

आम्ही तपासणीला पुन्हा मुंबईला गेलो तेव्हा ती मुलगी तिसऱ्या वर्षाला गेली होती. तिच्यासोबत पहिल्या वर्षाचा एक नवा डॉक्टर होता. त्यानं तो दहा प्रश्नांचा कागद काढला. तिनं त्याला थांबवलं आणि अक्कांकडे बोट करून म्हणाली, “आधी यांना विचार, चूल किती उंचीवर आहे?”

अक्कांनी काठी भिंतीला टेकवली, पाटावर बसल्यासारख्या बाकावर बसल्या आणि सांगायला लागल्या.

बरं, पुढच्या वेळी भेटू. तब्येतीला जपा. नमस्कार.